परसातले बारा फूट

पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं मुद्द्याचं असं:

"सासऱ्यांनी १९७४ साली सहकारनगरमध्ये बांधलेल्या बंगल्यात आम्ही दोघं राहतो. सोसायटीचा प्लॉट आहे, ३,६०० चौरस फूट. खाली साधारण १,५०० आणि वर ९०० चौरस फूट बांधकाम, बाकी गच्ची. यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तेव्हापासून वरचा मजला बंदच आहे. मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात बाणेरला भाड्याने राहतात. त्यांना आमच्याजवळ यायचंय. पण 'एका घरात नको हं आई', असं मुलीनं स्पष्ट सांगितलंय आणि मलाही ते पटतं. मुलगा सॅन होजेला असतो. तो म्हणतो, इकडे सगळे मागच्या अंगणात छोटं घर बांधतात, तुम्हीही बांधा. आमच्या मागे कंपाउंडपर्यंत १२ फूट जागा आहे. तिथे मोरी, मोलकरणीची जुनी खोली आणि सासऱ्यांनी वास्तुशांतीच्या वर्षी लावलेला पायरीचा आंबा आहे. मुंबईच्या वन्सं दर मे महिन्यात त्या आंब्यांसाठी येतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'काकू, आधी पत्र्याची शेड दाखवू, मग आतून विटा लावून घेऊ, कोणी विचारत नाही.' १४ लाख सांगतोय. मुलगी ते द्यायला तयार आहे. सासरे १९९६ मध्ये गेले, सासूबाई २००९ मध्ये. शेअर सर्टिफिकेटवर आता यांचं नाव आहे. बांधावं का? सोसायटी आणि शेजारी आडवे येतील का?
– सहकारनगरची एक आजी"

सही आजी म्हणून केलीत तरी मी तुम्हाला ताईच म्हणते, आपल्या वयात फार अंतर नसावं.

ताई, परसात बांधू नका. मुलीला मात्र जवळ आणा, लवकर आणा. घर तुमच्याकडे बांधून तयार आहे, फक्त त्याला कुलूप आहे.

मुलगा सांगतो ते खोटं नाही. त्याच्या कॅलिफोर्नियात घरांची टंचाई इतकी वाढली की राज्यानेच कायदा करून शहरांचे हात बांधले. २०२० पासून तिथे मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून ४ फूट सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचं दुसरं छोटं घर कोणी बांधायला काढलं, तर गावाला सहसा नाही म्हणता येत नाही आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावावा लागतो. त्या घराला तिकडे कायद्यानेच एक वेगळं नाव आणि वेगळी जागा दिली आहे. आपल्या नियमावलीत असा प्रकार नाही. २०२० च्या डिसेंबरपासून पुण्यालाही राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्या दृष्टीने तुमची परसातली खोली लेकीसाठी आहे की स्कूटर ठेवायला, याने फरक पडत नाही. ते बांधकाम आहे, एवढंच. मग प्रश्न दोन उरतात. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं तो निर्देशांक, शिल्लक आहे का, आणि ते मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, येतंय का.

एफएसआयचा हिशोब कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला आनंदाने करून दाखवेल. प्लॉट ३,६००, मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे ३,९६० चौरस फूट. त्यातले २,४०० वापरले, पंधराशेच्या वर शिल्लक. हा आकडा कागदावर सुरेख दिसतो. पण आता मोजणी इमारतीच्या बाहेरच्या रेषेवरून होते, बाल्कनीसुद्धा त्यात धरली जाते. पूर्वी बाल्कनी, जिना असलं बरंच काही हिशोबातून सुटायचं. त्यामुळे तुमचे २,४०० नव्या मापाने किती भरतात, ते आर्किटेक्टने टेप लावल्याशिवाय कळणार नाही. आणि शिल्लक निघाली तरी ती हवी तिथे वापरता येत नाही. इमारतीच्या चारी बाजूंनी ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं. ते प्लॉटचा आकार, पुढचा रस्ता आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. तुमच्या १२ फुटांतून ते वजा करा, वर दोन भिंतींची जाडी वजा करा. उरेल त्यात कोठीची खोली होईल, तीन माणसांचा संसार नाही.

लोकांना हे मार्जिन म्हणजे महापालिकेचा जाच वाटतो. तुम्ही सहकारनगरच्या आहात, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्हाला मी सांगायला नको. आंबील ओढ्याचं पाणी ज्या ज्या बोळातून शिरलं, तिथे दोन कंपाउंडांच्या मधली मोकळी माती किती कामाची असते ते लोकांनी पाहिलं. तुमच्या परसातच ड्रेनेजचे चेंबरही असणार. त्यांच्यावर फरशी घालून स्वयंपाकघर उभं केलंत, तर ज्या दिवशी लाइन तुंबेल त्या दिवशी ओटा फोडावा लागेल.

आता ती शेड. हे सांगताना मला थोडी लाज वाटते, पण सांगते. घरबांधणीच्या व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः एका कुटुंबाला अशी खोली काढून दिली होती. मागच्या मार्जिनमध्ये, "तात्पुरती", त्यांच्या आजींसाठी. चार वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही. मग शेजारच्या घरी लग्न निघालं, मांडवाचे खांब कोणाच्या हद्दीत यावरून वाजलं आणि आठवडाभरात तक्रार गेली. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली. ती खोली ऐन जुलैत पाडली. आजींची खाट हॉलमध्ये आली, ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. त्या घरातल्या कोणी मला कधी बोल लावला नाही, पण पुढे त्यांनी मला बोलावलंही नाही. "कोणी विचारत नाही" हे तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं वाक्य खरंच आहे, जोवर सगळ्यांशी गोडी आहे तोवर. आणि अनधिकृत बांधकामावरचा शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, काय होता, ते पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा. तासभर सांगतील.

आंब्याचं तर नावच काढू नका. खासगी अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरची झाडं हेरिटेज वृक्ष धरली जातात. तुमचा आंबा वास्तुशांतीच्या वर्षीचा, म्हणजे त्याने पन्नाशी ओलांडली. कॉन्ट्रॅक्टर "मुळाशी काहीतरी घालू, आपोआप वाळेल" म्हणाला असेल, पत्रात तुम्ही ते लिहिलं नाहीत इतकंच. असं म्हणणाऱ्या माणसाला घराच्या कुठल्याच कामाला लावू नये, असं माझं मत आहे.

तर मग वरचा मजला. नऊशे चौरस फूट! बाणेरला तुमची लेक एवढ्याच जागेचं भाडं भरत असेल.

पहिली गोष्ट जिन्याची. त्या काळातल्या पुष्कळ बंगल्यांत जिना व्हरांड्यातून किंवा पुढच्या खोलीच्या कडेने वर जातो. तुमचाही तसा असेल तर निम्मं काम झालं. व्हरांड्यातच दोन दारं करायची, एक तुमच्या घरात उघडणारं, एक जिन्याला. वेगळी बेल, वेगळी पत्रपेटी, दुधाच्या पिशव्यांना वेगळा खिळा. जिना घराच्या मधोमध असेल तर पार्टिशन घालून पुढच्या दारापर्यंत बोळ काढता येतो, थोडा हॉल जातो. तो जाऊ द्या. "एका घरात नको" या वाक्यात मुलीला भिंत नको होती, दार हवं होतं. नातीला खाली यायला कोणाला विचारावं लागू नये, आणि तुम्हाला वर जायला बेल वाजवावी लागावी. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. गुडघ्यांमुळे यांच्याकडून तो आपोआप पाळला जाईल. तुमची काळजी वाटते.

वरचं स्वयंपाकघर खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर आणा. सांडपाण्याची लाइन सरळ खाली उतरते, कुठे आडवी फिरत नाही. वर ओटा हवा म्हणून बेडरूमच्या डोक्यावर मोरी आणाल तर तीन वर्षांत खालचं छत ओलं होईल, हे लिहून ठेवा. १९७४ चे बिडाचे आणि जीआयचे पाइप बदलाच. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचं असेल तर तेही. या दोन कामांत पैसे वाचवू नका, वाटल्यास टाइल्स साध्या घ्या. महावितरणकडून वर दुसरं मीटर घ्या, कारण दोन कुटुंबं एका मीटरवर चालली की युनिटं वरच्या स्लॅबमध्ये चढतात आणि दर महिन्याला एसी कोणाचा यावर बोलणं होतं. फक्त आतले बदल असतील, बाहेरून घर तसंच दिसणार असेल आणि भार घेणाऱ्या भिंतींना हात लागणार नसेल, तर परवानगीचं लचांड बरंच कमी होतं. पण कोणती भिंत भार घेते हे कॉन्ट्रॅक्टरने ठोकून सांगायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

कारण १९७४ चा बंगला बहुधा लोड-बेअरिंग असणार, म्हणजे कॉलम नाहीत, विटांच्या जाड भिंतीच सगळं तोलतात. पुढेमागे जावई म्हणतील, गच्चीवर अजून दोन खोल्या चढवू. तेव्हा हा हिशोब दाखवा: ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब एकटाच साधारण साडेसतरा टन भरतो. भिंती, फरशी, टाकी, माणसं वेगळी. तळजाईच्या पायथ्याला मुरूम लवकर लागतो, काळ्या मातीतल्या बंगल्यांपेक्षा तुमचा पाया बऱ्या जमिनीवर असेल. तरीही पायाजवळ खड्डा घेऊन बघितल्याशिवाय कोणी "होऊन जाईल" म्हणू नये. पुढे खरंच वाढवायची वेळ आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, वापरा, त्यांचं वजन विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच असतं. आणि तेव्हा सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, काम झाल्यावर भोगवटा पत्रही. आत्ता नको. पन्नास वर्षांच्या घराची तपासणी मात्र आत्ताच करून घ्या, वर माणसं राहायला यायच्या आधी.

सोसायटीचं विचारलंत. तुमचं लीज-डीड, म्हणजे जमिनीचा भाडेपट्टा, बाहेर काढा आणि वाचा. कपाटाच्या खालच्या खणात असतं, सगळ्यांच्याच घरी. प्लॉटच्या सोसायट्यांत जमीन सोसायटीची आणि घर सभासदाचं असा प्रकार सर्रास आहे, आणि बांधकामात बदल करण्याआधी सोसायटीची संमती घ्यायची अट त्यात असू शकते. सहकारनगर भागात काही सोसायट्या पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर सरकारी जमिनीवर वसवलेल्या आहेत. तुमची त्यांतली असेल तर जमिनीचा प्रकार कोणता, वर्ग-२ चं (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारं) वर्ग-१ (पूर्ण मालकीचं) झालंय का, तेही बघा, कारण हस्तांतराच्या वेळी गाठ जिल्हाधिकाऱ्यांशी पडते. शेजाऱ्यांना विचारायचं काही उरलंच नाही, कारण त्यांच्या खिडकीसमोर काही उभं राहत नाहीये. पण काम सुरू होण्याआधी चहाला बोलवा. तीन महिने ड्रिलचा आवाज त्यांनाच ऐकायचाय.

हे सगळं सोपं होतं. अवघड गोष्ट तुमच्या पत्रात आंब्याच्या ओळीत लपली आहे.

वन्सं.

सासरे १९९६ मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं का? तुम्ही काही लिहिलेलं नाहीत. शेअर सर्टिफिकेटवर यांचं नाव लागलं, ते नॉमिनेशनवरून लागलं असेल. नॉमिनी म्हणून नाव लागणं म्हणजे मालकी मिळणं नव्हे. वारसांचा हक्क तसाच राहतो. मृत्युपत्र नसेल, तर सासऱ्यांनी स्वतः कमावलेल्या या घरात सासूबाई, हे आणि वन्सं यांचा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सारखा वाटा. सासूबाईंनीही काही लिहून ठेवलं नसेल, तर त्यांचा वाटा पुन्हा दोघा भावंडांत. म्हणजे आज निम्मं घर वन्संचं असू शकतं. लोक म्हणतात, मुलींचे हक्क २००५ मध्ये आले. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल होती. बापाने स्वतः मिळवलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. तेव्हाच्या हिशोबात तो कोणी मागत नसे, एवढंच.

कदाचित वन्संनी १९९६ मध्ये रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र करून दिलं असेल. मग उत्तम, त्याची प्रत शोधा. नसेल, तर तुमची मुलगी तिचे पैसे अशा घरात घालणार आहे, ज्याचा निम्मा हिस्सा तिच्या आत्याचा आहे. आत्या आज मायेने काही म्हणणार नाहीत. आत्यांची मुलं उद्या काय म्हणतील ते तुम्हाला आणि मला माहीत नाही. मी अशी भांडणं टेबलाच्या या बाजूने खूप पाहिली आहेत. भांडण बहुतेक पैशावरून सुरू होतच नाही, "आम्हाला सांगितलंसुद्धा नाही" इथून सुरू होतं.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या आधी वन्संना फोन. आणि फोनवर "सही द्या" नको. वरचा मजला उघडतोय, लेक येतेय, हे सांगा, आणि घराचं काय करायचं ते एकदा बसून ठरवू म्हणा. त्यांना हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र करता येतं, रक्ताच्या नात्यात त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. मग किंमत ठरवा, हप्त्यांनी द्या, नाहीतर लिहून ठेवा की घर विकलं जाईल तेव्हा अमुक वाटा त्यांचा. फुकट मागू नका. तीस वर्षं त्या आंब्यांवर समाधान मानून गेल्यात, तुम्ही त्यावर अजून एक पेटी ठेवून सही घेतलीत तर ते मला बरं दिसणार नाही.

दुसरा फोन सॅन होजेला. मुलगी वरच्या मजल्यावर जे काही आठ-दहा लाख घालेल, ते भेट की उसने की तिच्या वाट्यातला आगाऊ खर्च? हे आजच ठरवायचं, भावाच्या समोर, आणि लेखी. ई-मेल चालेल, पण यांनी मृत्युपत्रात ते आणलं तर जास्त बरं. वरचा मजला मुलीला द्यायचा ठरलाच, तर मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागतो, आणि घर सोसायटीच्या जमिनीवर असल्यामुळे सोसायटीची संमती आधी बघावी लागते. पण बक्षीसपत्राची घाई करू नका. तुम्ही दोघं असेपर्यंत घर तुमच्याच नावावर असू द्या. हे मी मुलीच्या विरोधात म्हणत नाही. माझ्या मुलीलाही मी हेच सांगितलंय, ती दोन दिवस बोलली नाही.

तुमच्या यांनी पत्राच्या कडेला पेनने लिहिलंय, "पुढे भाड्यानेही देता येईल." देता येईल, लेक पुढेमागे दुसरीकडे गेली तर. पुणेकर मालक बिऱ्हाडकरूच्या नावाने अजूनही दचकतात, त्याला १९४७ च्या भाडे कायद्याचे दिवस कारण आहेत. आता लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलं की ती भीती बरीच संपते. मुदतीनंतर माणूस हलला नाही तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार रजिस्टर केला नाहीत, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, हे लक्षात ठेवा. आणि स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत मिळते, ती भाड्याने दिलेल्या भागाला मिळत नाही. पीटी-३ अर्ज भरलाय ना, तेवढं बघून घ्या, पुष्कळांचा राहिलेला असतो.

कामाचा क्रम असा ठेवा: लीज-डीड, १९७४ चा मंजूर नकाशा आणि सासऱ्यांचे कागद एका पिशवीत. नकाशा सापडला नाही तर महापालिकेतून प्रत मागवता येते. मग वन्संना फोन, मुलाला फोन, त्यानंतर वकील, त्यानंतर इंजिनिअर. कॉन्ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी, आणि हा नको, दुसरा. नातीची शाळा जूनमध्ये बदलायची असेल तर दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा, म्हणजे मे महिन्यात वन्सं येतील तेव्हा वरच्या खोलीत त्यांची गादीही घालता येईल.